सत्तरीचा राजा आणि बिनभिंतींचं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एक जेलर, खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि एक ओसाड माळ. जेलर त्या सहा जणांना तुरुंगाबाहेर काढतो, माळावर राबवतो, त्यांच्यासोबत राहतो. कैदी पळूनही जातात. पण त्या जेलरचे डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत आणि ते परत येतात. चित्रपट संपल्यावर डोळे पुसत बाहेर पडणारा प्रेक्षक एकच म्हणायचा, ‘छान आहे, पण हे सिनेमातच घडतं!’

ते सिनेमाच्या आधी घडलेलं होतं. आणि घडलं होतं ते आपल्याच माणदेशात, आटपाडीजवळ. चित्रपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. शाळा औंधला शिकलेले आणि मॅट्रिकचा उंबरठा काही न ओलांडता आलेले. लहानपणापासून पाहिलेल्या त्या संस्थानातली एक हकिकत त्यांनी पडद्यावर नेली. त्या गावाचं नाव स्वतंत्रपूर. आज मला त्या गावाबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी ते गाव ज्या मैत्रीतून उभं राहिलं, तिच्याबद्दल बोलायला हवं.

या मैत्रीतले एक होते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली. वयाची चाळिशी उलटल्यावर. औंध म्हणजे काही मोठं संस्थान नव्हे. बहात्तर गावं, पंचाहत्तर हजारांच्या आसपास वस्ती. तीही सलग नाही. एक तुकडा इथे, दुसरा तिथे, तिसरा पार विजापूरकडे. राजेसाहेब पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार. सूर्यनमस्काराचं तर त्यांना वेडच. स्वतः रोज घालायचे आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घ्यायचे. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. देवभोळे, परंपरेतले, मराठी वळणाचे गृहस्थ.

दुसरे होते मॉरिस फ्रिडमन. जन्म १९०१चा, पोलंडमधल्या वॉर्सॉचा. ज्यू कुटुंबातला हुशार मुलगा, पेशाने विजेचा इंजिनिअर. १९३५ च्या सुमारास म्हैसूर संस्थानाच्या बंगळूरमधल्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून ते भारतात आले. आले कारखाना चालवायला आणि भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाले. गांधीजींच्या सहवासात गेले, तिथे सूतकताईच्या साधनांवर डोकं चालवलं. धनुष्य तकली ही त्यांच्याच हातची करामत.

आता सांगा, या दोघांचं जमायचं कसं? वयात तेहतीस वर्षांचं अंतर. एक औंधच्या वाड्यातला, दुसरा वॉर्सॉच्या गल्लीतला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, खाणंपिणं वेगळं. त्यांना जोडणारा दुवा होते राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. ते ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते, वय पंचविशीचं. बंगळूरला त्यांची आणि फ्रिडमन यांची गाठ पडली. संस्थानात उद्योगधंदे वाढावेत म्हणून या इंजिनिअरला औंधला आणायचं ठरलं. इंजिनिअर आले. पण त्यांनी राजापुढे योजना ठेवली ती कारखान्याची नव्हे. तुमच्या हातातली सत्ता प्रजेला देऊन टाका, ही त्यांची योजना!

श्रोतेहो, सत्तर वर्षांच्या माणसाला कोणी परका तरुण येऊन असं सांगू लागला, तर आपण काय करू? आपल्या घरात साधी तिजोरीची किल्ली सुनेकडे द्यायची तरी किती वर्षं जातात! राजेसाहेबांनी मात्र ऐकलं. गांधीजींचा सल्ला घेतला गेला. १९३८ साली राजेसाहेबांनी आपला मनोदय जाहीर केला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची नवी राज्यघटना अमलात आली. कारभार गावच्या पंचायतींकडे गेला. ब्रिटिशांचं राज्य डोक्यावर असताना, हैदराबादसारखी बलाढ्य संस्थानं एकेक अधिकार मुठीत आवळून बसलेली असताना, माणदेशातल्या एका म्हाताऱ्या राजाने आपली मूठ स्वतःहून उघडली.

मला वाटतं, त्या दोघांच्या मैत्रीचं मर्म इथेच आहे. तरुणाकडे कल्पना होती, पण अधिकार नव्हता. म्हाताऱ्याकडे अधिकार होता. आणि वय झाल्यावर माणसाला जी एक मोकळीक मिळू शकते, तीही होती. आता कोणाला काय वाटेल याची फारशी पर्वा न करण्याची मोकळीक. एकमेकांजवळ नसलेलं दोघांनी एकमेकांना दिलं. साठीसत्तरीनंतर बहुतेक माणसं आयुष्याचा हिशेब मिटवायला घेतात. राजेसाहेबांनी वहीचं नवं पान उघडलं.

यातूनच पुढे स्वतंत्रपूर आलं. १९३९ च्या सुमाराची गोष्ट. भारतानंदांचं म्हणणं असं की, तुरुंगातल्या माणसाला कोंडून ठेवून तो सुधारत नाही. त्याला जमीन द्या, काम द्या, त्याचं घरदार त्याच्यापाशी येऊ द्या आणि त्याच्यावर विश्वास टाका. गंभीर गुन्ह्यांत सजा भोगणारे कैदी त्यांनी मागितले आणि राजेसाहेबांनी ते दिले. आटपाडीजवळच्या माळावर त्यांची वस्ती वसली. भोवती भिंत नाही. पायात बेड्या नाहीत. पहाऱ्याला बंदूकधारी शिपायांची रांग नाही. नाव मात्र ठेवलं स्वतंत्रपूर! कैद्यांच्या वस्तीला स्वातंत्र्याचं नाव देणाऱ्यांच्या धाडसाला काय म्हणावं?

यातली जोखीम कोणाची होती, याचा जरा विचार करा. एखादा कैदी पळाला असता, त्याने पुन्हा कोणाचा गळा धरला असता, तर लोकांनी जाब भारतानंदांना विचारला नसता. तो तर झोळी उचलून निघून जाऊ शकणारा संन्यासी. जाब राजाला द्यावा लागला असता. प्रजेपुढेही आणि वर बसलेल्या इंग्रजापुढेही. दुसरी संधी द्यावी असं आपण सहज म्हणतो. पण ती फुकट देता येत नाही. देणाऱ्याला आपलं काहीतरी पणाला लावावं लागतं: पैसा, नाव, झोप. जिथे देणाऱ्याचं काहीच पणाला लागत नाही, ती संधी नव्हे. तो नुसता उपदेश.

राजेसाहेबांना ही सवय जुनीच असावी. १९१० सालची गोष्ट आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली आपली कारखान्याची जागा सोडावी लागली होती. कुठे जावं, हा प्रश्न. तेव्हा औंधच्या याच राजाने त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाचं आणि सापांचं रान. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि गंमत पाहा, लक्ष्मणरावांनी तिथे राखणीला ठेवलेल्यांत पूर्वी दरोडेखोरीत नाव झालेली माणसंही होती. ज्याला स्वतःला दुसरी संधी मिळालेली असते, त्याला ती पुढे द्यावीशी वाटते. निदान चांगल्या माणसाला तरी.

त्याच सुमारास जगात काय चाललं होतं? सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. वॉर्सॉवर बॉम्ब पडले. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथल्या ज्यूंच्या वाट्याला काय आलं, ते आपण जाणतो. वस्तीभोवती भिंती बांधून, काहीही गुन्हा नसलेली लाखो माणसं कोंडली गेली, मारली गेली. ज्या शहरात फ्रिडमन जन्मले, तिथे निरपराध माणसांभोवती भिंत उठत होती. आणि ज्या माळावर ते येऊन पोचले होते, तिथे अपराध्यांभोवतीची भिंत पडली होती. हा विचार मनात आला की मी थोडा वेळ गप्प होतो.

आता एक प्रश्न मला टाळता येणार नाही. कोणी विचारेल, ‘खून करणाऱ्याला जमीन, घर, बायकामुलं, आणि ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. ज्या आईचा मुलगा गेला, तिला दुसरी संधी कोणीच देऊ शकत नाही. तिने क्षमा करावी, असं सांगण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. स्वतंत्रपूरनेही शिक्षा रद्द केली नव्हती. माणूस कैदीच होता. हजेरी, कामाचे नियम, मुदत सगळं होतं. फरक एवढाच की, सजा संपल्यावर जो माणूस बाहेर येणार, तो कसा असावा याचा विचार आधीच केलेला होता. कारण बहुतेक कैदी केव्हा ना केव्हा बाहेर येतातच. तो आपल्याच गावात, आपल्याच आळीत येणार असतो. तो कुदळ चालवायला शिकून यावा की सूड शिकून, हे ठरवणं त्या दुःखी आईच्याही हिताचं असतं. तिच्यासारखी दुसरी आई होऊ नये म्हणून.

पुढे काय झालं? ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. स्वराज्याचा तो प्रयोग कागदोपत्री संपला. १९५१ साली राजेसाहेब गेले. अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले, देशोदेशी भारताचे प्रतिनिधी झाले. फ्रिडमन भारताचे नागरिक झाले, इथेच राहिले. तिबेटी निर्वासितांसाठी राबले. उतारवयात त्यांना आणखी एक मराठी स्नेह लाभला. मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज. महाराजांचं मराठी बोलणं त्यांनी इंग्रजीत आणलं. ते पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभर गेलं. १९७६ साली मुंबईतच फ्रिडमन यांनी देह ठेवला. वॉर्सॉच्या या माणसाने आयुष्यातली चाळीसएक वर्षं आपल्यात घालवली. आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे?

राज्य गेलं, राजा गेला, संन्यासी गेला; पण स्वतंत्रपूर राहिलं. सरकारने ती वसाहत पुढे चालवली. चांगल्या वागणुकीचे निवडक कैदी तिथे बायकामुलांसह राहत आले, शेती करत आले. पुढे आपल्या राज्यात पैठणला १९६८ साली खुलं कारागृह झालं. राजस्थानात सांगानेरला कैदी कुटुंबासह राहू लागले. माणदेशातल्या त्या लहानशा वस्तीने केव्हाच करून दाखवलं होतं की भिंतीवाचूनही माणूस थांबतो.

श्रोतेहो, तुम्ही-मी राजे नाही. आपल्याकडे द्यायला माळरान नाही की सोडायला कैदी नाहीत. पण लहान लहान तुरुंगांच्या किल्ल्या आपल्या प्रत्येकाच्या कमरेला असतात. दहावीला दोनदा नापास झालेला पुतण्या. व्यसन सोडून परत आलेला शेजारी. हिशेबात गफलत केली म्हणून कायमचा नजरेतून उतरलेला धाकटा भाऊ. सजा भोगून आलेला, आणि भाड्याने खोली मागत दारोदार फिरणारा माणूस. अशांना आपण एका जुन्या चुकीच्या नावाने ओळखतो आणि ते नाव आयुष्यभर पुसू देत नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांना, तरुणांना माझं थोडं वेगळं सांगणं आहे. आजोबा, तुमच्या नातवाच्या वयाचा कोणी काहीतरी अजब कल्पना घेऊन आला, तर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणण्याआधी ती एकदा पुरती ऐका. कदाचित तुमच्या सत्तरीतलं सर्वांत मोठं काम तो घेऊन आला असेल. आणि मुलांनो, घरातला म्हातारा कोपऱ्यात बसलेला दिसतो म्हणून तो संपला असं समजू नका. तुमच्या कल्पनेला लागणारं बळ कदाचित त्याच्याचकडे असेल. तुम्ही त्याला विचारलेलं नसतं, इतकंच.

औंधच्या राजाला सत्तराव्या वर्षी एका परक्या तरुणाने विचारलं आणि राजा हो म्हणाला. त्या एका होकारातून किती जणांच्या घरी संध्याकाळी पुन्हा चूल पेटली असेल, ते माणदेशच जाणे. आपल्या दाराशी कोणी विचारायला आलं, तर आपलंही उत्तर तयार असावं, एवढंच म्हणतो आणि आपला निरोप घेतो.