काळ्या मातीतील विषाणूंची मोजदाद



उदगीर परिसरातील शेतकऱ्याला आपल्या जमिनीत नत्र, स्फुरद व पालाश किती आहे, हे जमीन आरोग्य पत्रिकेवरून कळते. त्याच मातीच्या एका ग्रॅममध्ये विषाणू किती, याची नोंद मात्र तीत नसते. निरनिराळ्या देशांतील मातींत ही संख्या सामान्यतः १ कोटीपासून काही अब्जांपर्यंत आढळली आहे. यात भिण्यासारखे काही नाही. यांतील बहुसंख्य विषाणू जीवाणुभक्षक आहेत. ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये व द’हेरेल यांनी १९१७ मध्ये अशा विषाणूंचा शोध जाहीर केला. त्यांच्यामुळे जीवाणू फुटतात व त्यांतील अन्नद्रव्ये पुन्हा मातीत मिसळतात. म्हणूनच सुपीकतेच्या अभ्यासात या मोजणीला महत्त्व आहे.

मोजणीची रीत वरकरणी सोपी आहे. माती क्षारद्रावणात घुसळून विषाणू सुटे करतात, ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीने जीवाणू अडवतात आणि विषाणूंना चकाकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजतात. अडचण पहिल्याच पायरीवर येते. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण विषाणूंना घट्ट धरून ठेवतात. जेवढे सुटतात तेवढेच मोजले जातात. आकडा लहान आला म्हणून विषाणू थोडे, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी ज्ञात संख्येचे विषाणू नमुन्यात मिसळून त्यांपैकी किती परत मिळतात, हे आधी तपासावे लागते.

विविधता मोजणे त्याहून अवघड आहे. जीवाणू ओळखण्यास त्या सर्वांत आढळणारे एक जनुक उपयोगी पडते. विषाणूंत असे सर्वांना समान जनुक नाही. म्हणून नमुन्यातील सर्वच जनुकद्रव्य वाचावे लागते. केवळ डीएनए वाचल्यास आरएनए विषाणू निसटतात.

हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी फवारला जाणारा एचएएनपीव्ही हा विषाणू या संदर्भात बोधप्रद आहे. उन्हातील अतिनील किरणांनी तो पानांवर लवकर निष्प्रभ होतो. म्हणून फवारणी सायंकाळी करतात. मातीत मात्र प्रथिनांच्या वेष्टनात तो दीर्घकाळ टिकतो. हे वेष्टित कण सुमारे १ मायक्रॉनचे, म्हणजे गाळणीच्या छिद्रांहून मोठे असतात. परिणामी शेतकऱ्याच्या उपयोगाचा हा विषाणूच गाळणीवर अडकतो आणि मोजणीबाहेर राहतो. साध्या सूक्ष्मदर्शकाने त्याची स्वतंत्र मोजणी करता येते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावातील गाळ शेतात नेण्यास चालना दिली. गाळाबरोबर त्यातील सूक्ष्मजीवसृष्टीही शिवारात येते. गाळ व शेतमाती यांची तुलना करावयाची, तर दोन्ही नमुन्यांची खोली नोंदवावी, ते थंड ठेवून लवकर तपासावेत, एकच रीत वापरावी आणि संख्या कोरड्या वजनावर काढावी. ओल्या गाळाचा आकडा कोरड्या मातीच्या आकड्याशेजारी ठेवणे, हे दोन वेगळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखे होईल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणि अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतींना हे समजावून द्यावे, की मातीविषयीचा आकडा जो सांगेल, त्याने मोजण्याची रीतही सांगितली पाहिजे.