पाडवा ते पाडवा



वाचनाचं नियोजन म्हटलं की ते अलीकडचं शहरी खूळ वाटतं. पण आपल्याकडे ते फार जुनं आहे, आपण त्याला नियोजन म्हणत नव्हतो इतकंच. आषाढी एकादशीला पोथी लावायची आणि कार्तिकीला समाप्ती करायची, हे गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’चे अध्याय ३६, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. चातुर्मासाचे दिवस साधारण १२०. म्हणजे ‘हरिविजय’ लावला तर आठवड्याला दोन अध्याय पुरे, ‘पांडवप्रताप’ लावला तर दिवसाआड एक. पाहुणे आले, वाचणाऱ्याचा घसा बसला, तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय. निरक्षर बायकांनाही हा हिशेब तोंडपाठ असे. आज कोणता अध्याय, किती राहिले, हे त्या बोटांच्या पेरांवर मोजून सांगत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर एका दुपारी असाच एक हिशेब मांडला. रोज दहा पानं वाचायची, म्हणजे वर्षाची ३६५० पानं. दोनशे पानांचं एक पुस्तक धरलं तर वर्षाला अठरा पुस्तकं. डोळ्यांनी आणखी पंधरा वर्षं साथ दिली, तर २७०. एवढीच! आमच्या वाचनालयाच्या एका भिंतीच्या कपाटांत याहून जास्त पुस्तकं आहेत. तेव्हा हाताला येईल ते वाचण्याची चैन आपल्याला आता परवडणारी नाही, हे त्या आकड्यानं मला सांगितलं.

म्हणून २०२३च्या गुढीपाडव्याला मी वहीत बारा पुस्तकांची यादी केली. महिन्याला एक पुस्तक, पाडवा ते पाडवा. अट एकच: लिहिणारा किंवा लिहिलेलं आपल्या परभणीकडचं, निदान मराठवाड्यातलं असावं. पुण्या-मुंबईच्या लेखकांशी माझं वैर नाही, आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं आणि आनंदानं शिकवलं. पण ज्या काळ्या मातीत आपण उभे आहोत ती कुणी कुणी शब्दांत मांडली, हे एकदा सलग पाहावं असं वाटलं. यासाठी जिल्हा मात्र मी जुना धरला. परतूरकडचा भाग १९८१मध्ये जालन्यात गेला, हिंगोली १९९९मध्ये वेगळी झाली. नकाशे सरकार बदलतं, पण बी. रघुनाथांचं सातोना आणि कुरुंदकरांचं कुरुंदा माझ्या यादीत परभणीतच राहिलं.

सुरुवात बी. रघुनाथांपासून केली. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचं पूर्ण नाव. १९१३चा जन्म. ज्या निजामी राज्यात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, तिथं सरकारी नोकरी सांभाळून हा माणूस मराठीत कविता, कथा आणि सात कादंबऱ्या लिहून गेला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत कचेरीत काम करता करताच त्यांचा प्राण गेला. वय अवघं चाळीस. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं मी कितीतरी भाषणं ऐकली. नाव रोज डोळ्यांसमोर, पुस्तकं मात्र हुडकावी लागली. ‘आडगावचे चौधरी’ मिळालं तेव्हा त्याच्या मागच्या चिठ्ठीवर आधीच्या वाचकाचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता. उन्हाळ्याच्या दुपारी ते वाचताना मला सारखं वाटत होतं, की या माणसाला आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती.

पाऊस लागेपर्यंत माझी गाडी वेळेवर होती. पुढं मात्र यादी माझ्या एकटीची राहिली नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, तेव्हा सत्त्याऐंशीच्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण उभा जन्म पोथी ऐकण्यात गेला. आमच्या गल्लीत पोथी सांगणारे जे गृहस्थ होते ते वारले, आणि त्या वर्षी आषाढीला माईंनी मला फर्मावलं, “तू मास्तरीण हायेस, तूच वाच.” २०२३ला अधिक श्रावण होता. म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा, २९ जून ते २३ नोव्हेंबर. ‘पांडवप्रताप’ लावला. आधी दिवसाआड अध्याय होई. जुलैत कशीबशी पेरणी उरकली आणि ऑगस्टमध्ये पावसानं जी ओढ दिली ती तुम्हाला आठवत असेल. १९०१पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकत होतं. रानात काही काम नाही, घरात कुणाचं चित्त नाही. मग रोजच अध्याय होऊ लागला. शेजारच्या चार बायका येऊन बसू लागल्या. त्या महिन्यात पोथी कुणाला पुण्यासाठी हवी होती असं मला वाटत नाही. संध्याकाळी आभाळाकडे बघत बसण्यापेक्षा कुणाचा तरी आवाज कानावर पडलेला बरा, एवढंच असावं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोथी संपली आणि कार्तिकी अजून दोन महिन्यांवर होती.

“आता काय वाचायलीस?” माईंनी विचारलं.

माझ्या यादीत त्या महिन्याला अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ होतं. त्या १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून मी ते तिथं घातलं होतं. जाडजूड पुस्तक. मी म्हटलं, “माई, तुम्हाला कंटाळा येईल. इतिहास आहे, रझाकारांच्या वेळचा.”

“मग वाच की. त्या वक्ताला म्या होतेच.”

मी वाचायला लागले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, सरहद्दीपलीकडे गेलेल्या लोकांचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “थांब.” मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आणि नंतर बोलल्या त्या तासभर. त्यांचं माहेर जिंतूरच्या वरच्या अंगाला, वऱ्हाडच्या हद्दीजवळ. वय तेव्हा अकरा-बारा. एका रात्री आईनं धडप्यात भाकरी बांधल्या, वडिलांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून ठेवल्या, आवाज नको म्हणून. गाडी वऱ्हाडात निघाली. पावसाळा तिकडंच काढला. परत आले तेव्हा घराची कवाडं नव्हती, अंगणातलं ज्वारीचं पेव उघडं पडलं होतं. एवढं सांगून त्या पुन्हा थांबल्या. शेजारी एक मुसलमानाचं घर होतं. तिथली पोर त्यांच्याबरोबर सागरगोटे खेळायची. परत आल्यावर ते घरही ओस होतं. ती कुठं गेली, तिचं काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचंही नाही असं बजावलं गेलं. त्यांनी तिचं नाव घेतलं. ते मी इथं घेत नाही.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट संपली, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. रझाकारांच्या जुलमात किती घरं बसली त्याला गणती नाही. त्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही घडलं. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली, पण तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. हे सगळं मला पुस्तकांतून माहीत होतं. पण पंचाहत्तर वर्षं एका बाईनं तिच्या मैत्रिणीचं नाव मनात धरून ठेवलं आणि घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं, आमच्या सासऱ्यांनासुद्धा नाही! ते नाव बाहेर यायला एक पुस्तक मोठ्यानं वाचलं जावं लागलं.

त्या दिवसापासून माझी दहा पानं गेली. कधी दोन पानं व्हायची, कधी अर्धं. वहीची मांडणी मी बदलली. डावीकडच्या पानावर पुस्तकातलं, उजवीकडच्या पानावर माईंचं. कधी कधी दोन्ही बाजूंचं जुळत नसे. पुस्तकात तारीख असायची, माईंकडे “हायब्रीड याच्या लई आधी, मोठी ज्वारी हुरड्यात आली होती तवा” असा हिशेब. मी दोन्ही तसंच लिहून ठेवलं. दुरुस्त केलं नाही.

दिवाळीनंतर नरहर कुरुंदकर घेतले. इंटरमध्ये अनेकदा नापास झालेला आणि पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झालेला हा माणूस. नापास मुलांच्या आईबापांना मी त्यांचं उदाहरण नेहमी देत असे. त्यांचं पुष्कळसं लेखन मुळात भाषणांतून आलेलं, त्यामुळे मोठ्यानं वाचायला फार सोपं जातं. माईंना सगळं कळत होतं असं नाही. पण त्यांचा अभिप्राय मला अजून पटतो: “ह्यो मास्तर बोलतो चांगलं, पर मधी दम घेऊ देत नाही.”

गंगाखेडच्या जनाबाईंच्या वेळी तर पारडं पुरतं फिरलं. मी अभंग वाचायला घेतला की दुसरी ओळ माईच म्हणायच्या, आणि अभंगाला लागून जात्यावरच्या ओव्या सुरू व्हायच्या, ज्या माझ्याजवळच्या कोणत्याच पुस्तकात नव्हत्या. त्या महिन्यात मी वाचलं कमी आणि लिहून घेतलं जास्त.

आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह मात्र एकटीनं वाचला. २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक. परभणीच्या या कथाकाराचं गाव आपल्या इतक्या जवळचं आहे, की एका बैठकीत दोन कथा वाचवत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज रात्री एक, असं केलं.

पाडव्याला हिशेब केला. यादीत बारा, पुरी झालेली सात. हल्ली मोबाइलवर लोक वर्षाअखेर आकडे टाकतात. कुणाची पन्नास पुस्तकं, कुणाची शंभर. एकरी उतारा सांगावा तसं चालतं ते. वाचणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. पण माझ्या सातांना शंभरांशेजारी बसवायला मला मुळीच संकोच वाटत नाही. राहिलेली पाच पुढच्या यादीत ढकलली. वहीची उजवी पानं मात्र डाव्यांपेक्षा जास्त भरली होती, म्हणून नव्या वर्षाला दुपटीची वही आणली.

ती नवी यादी करताना माई शेजारीच होत्या. नातू आठवीत होता, त्याच्या दप्तराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “ह्याच्या पुस्तकात हाय का त्या वक्ताचं?” आहे म्हटलं. इतिहासाच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्राम आहे. “मग आधी ते वाच.” मी वाचलं. फार वेळ लागला नाही. माई पुढच्या पानाची वाट पाहत बसल्या. मी पुस्तक मिटलं तेव्हा त्यांनी विचारलं, “संपलं?”

मी वही उघडली आणि उजवीकडच्या पानावर तारीख घातली.