आयांनी लिहून दिलेला कागद

(३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. भिवंडी तालुक्यातील वीटभट्टी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



सावित्रीबाई आणि जोतिबांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण फेकलं. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मातंग समाजाच्या मुक्ता साळवेने १८५५ साली आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पहिली शाळा निघून तेव्हा सातच वर्षं झाली होती.

आपल्या कातकरी पाड्यांवर अजून पोरगी चौथीच्या पुढे गेली की लोक नाक मुरडतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही पाड्यापाड्यांवर बसलो. ज्या आयांना लिहिता येत नाही त्यांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मग त्यांनी खाली अंगठे दिले. तो कागद असा:

“पोरी, आम्ही आयुष्यभर अंगठे दिले. भट्टीवाल्याच्या वहीत काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. हजार विटांचे किती, हप्त्याची खर्ची किती कापली, ते तू वाच. बेरीज तू कर.

शाळेत कोणी जातीवरून हिणवलं, मागे बसवलं, तर घरी येऊन सांग. शाळा सोडू नको. आम्ही चौघीजणी येऊन विचारू.

शिकलीस म्हणून आपल्या बोलीची लाज धरू नको. कंद, पाला, मासळी ओळखायला आम्ही शिकवू, तेपण शिक.

धाकटा भाऊ सांभाळायला तुला घरी ठेवलं तर ते आमच्या अडचणीपायी. तू ते आपलं नशीब समजू नको.

तुझ्या लग्नाची घाई करणार नाही, असं आज आम्ही म्हणतो. उद्या पैशापायी आम्ही फिरलो, तर हा कागद आमच्यापुढे धर.”

शेवटचं वाक्य नीट ऐका. आयांना स्वतःचीच भीती वाटते, ती का? आपल्या ठाणे जिल्ह्यात पूर्वी लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराचे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. १९४५ साली वारल्यांनी लढून ती चाल मोडली. १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदा झाला. पण आज भट्टीवाला बयाणा देतो तो जोडीला. एकट्या पोराला कोण देतो? म्हणून कोवळ्या पोरीचं लग्न लागतं. लग्नाचा खर्च बयाण्यातून आणि बयाणा फेडायला दोघं भट्टीवर. कायद्याने मुलीचं वय १८ पाहिजे, पण भट्टीवर वय कोण विचारतो?

जमिनीचं पण तेच. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ सालचा आहे. पण अर्ज करायला सातबारा आणि फेरफार वाचता आला पाहिजे. तो येत नाही म्हणून तलाठ्याकडे आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

काही बाप म्हणतात, पोरगी शिकून परक्या घरीच जाणार. अहो, ती जाते तो पाडापण आपलाच. तिथेपण सातबारा आहे, तिथेपण भट्टीची वही आहे.

म्हणून सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो:

१. पुढच्या दिवाळीला बयाण्याला हात लावण्याआधी पोरगी कुठे राहून शिकणार ते ठरवा. आजीकडे की आश्रमशाळेत? आजीकडे ठेवली तर तिच्या धान्याची सोय आधी करा.

२. आज ज्या पोरी इथे भट्टीवर आहेत, त्यांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायला आम्ही सोमवारी सोबत येतो. एकटं जाऊ नका.

३. पाणी भरणं आणि धाकटं पोर सांभाळणं पोरगे आणि बापेपण करतील.

कागदाच्या प्रती आणल्या आहेत. ज्या आईला पटेल तिने अंगठा द्यावा. बापांनीपण द्यावा. आजवर दुसऱ्यांच्या वहीत पुष्कळ अंगठे दिले, हा एक आपल्या पोरीसाठी द्या.

आदिवासी एकजुटीचा विजय असो!