रॉड लावला की बोर्ड का वितळतो?

मागच्या हिवाळ्यात आमच्या रूमवर एक्स्टेन्शन बोर्ड वितळला. आग लागली नाही, नशीब. पण प्लगच्या पिना काळ्या पडल्या आणि जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस जाता जात नव्हता. रूममेट म्हणाला, "अरे, याच बोर्डावर आपण रोज मोबाईल चार्ज करतो, तेव्हा नाही काही होत!" त्याचं बरोबरच होतं. मग पाणी तापवायचा रॉड लावल्यावरच का झालं?

आता कॅल्क्युलेटर उघडा. रॉडवर लिहिलं होतं 1500 वॅट, 230 व्होल्ट. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. म्हणून 1500 भागिले 230, साधारण 6.5 अँपिअर. आणि बोर्डावर काय छापलं होतं? 6 अँपिअर. म्हणजे पहिली चूक तिथेच. रॉडचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, काढायचा तर व्होल्ट भागिले अँपिअर: 230 भागिले 6.5, सुमारे 35 ओहम.

जाता जाता एक गंमत. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आलं, तरी रॉडचे 35 ओहम जवळपास तेवढेच राहतात. करंट होतो 5.1 अँपिअर आणि पॉवर उरते 920 वॅटच्या आसपास. व्होल्टेज कमी झालं पाव हिश्शाहूनही कमी, पण पॉवर गेली जवळजवळ 40 टक्के! बादली तापायला उगाच वेळ लागत नाही.

बरं, परत बोर्डाकडे. आमच्या बोर्डाचं सॉकेट जुनं, आतली पत्ती सैल झालेली. पिन धड टेकत नव्हती. अशा सैल जोडात थोडा रोध तयार होतो. समजा, फक्त अर्धा ओहम. रॉडचा सगळा करंट याच जोडातून जाणार, दुसरा रस्ताच नाही. मग जोडावर पडणारं व्होल्टेज 6.5 गुणिले 0.5, म्हणजे सव्वातीन व्होल्ट. त्याला परत 6.5 ने गुणा. 21 वॅट! छोटं सोल्डरिंग आयर्न असतं ना, साधारण तेवढी उष्णता, आणि तीही प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली.

आता चार्जर. 20 वॅटचा चार्जर भिंतीतून फार तर 0.2 अँपिअर घेतो. तोच अर्धा ओहम धरून हिशोब करा: 0.02 वॅट. करंट बत्तीसपट वाढला, उष्णता हजारपट! कारण या हिशोबात करंट दोनदा गुणला जातो.

आणि एमसीबी? तो पडलाच नाही. पडणार कसा? तो होता 16 अँपिअरचा आणि वाहत होते साडेसहा. उलट सैल जोडामुळे करंट किंचित कमीच झाला होता. एमसीबी करंट बघतो, सॉकेट किती तापलंय ते त्याला कळत नाही. तापलेली पत्ती आणखी सैल होते, तिच्यावर गंज चढतो, रोध वाढतो आणि उष्णताही.

आता आम्ही रॉड थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या जाड पिनांच्या पॉइंटला लावतो. दहा मिनिटांनी बटण बंद करून, प्लग काढून, त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघतो. चटका बसला, तर त्या दिवशी गार पाण्याने अंघोळ आणि वायरमनला फोन.