विरुद्ध बाजूचं वर्तमानपत्र ठेवायचं की नाही?

(कामगार युनियनच्या शाखासभेत एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेलं भाषण)



आपल्या वाचनालयात येणारी विरुद्ध पक्षाची वर्तमानपत्रं बंद करावीत, असा ठराव आज सभेपुढं आलाय. ठराव मांडणारे परके नाहीत. सीमाप्रश्नाच्या मोर्चात ते माझ्या पुढं चालतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. वर्गणी आपल्या घामाची, मग पैसे देऊन शिव्या कशाला विकत घ्यायच्या? यावर टाळ्या पडल्या. पडणारच. तरीही मी ठरावाच्या विरोधात उभा आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पंडिती भाषा मला येत नाही. घडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या ऐका आणि मग हात वर करा.

पहिली गोष्ट १९४८ सालची. भाषिक प्रांतांचा विचार करायला दार कमिशन बसलं होतं. मुंबई महाराष्ट्राला देऊ नका, म्हणणारे पैशानं आणि वजनानं मोठे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा कमिशनला निवेदन दिलं. त्यात त्यांनी नुसता राग काढला नाही. विरुद्ध बाजूचे मुद्दे आधी एकेक करून मांडले. मुंबई कधी महाराष्ट्राची नव्हती, तिथं मराठी माणूस बहुसंख्य नाही, व्यापार गुजराती लोकांनी उभारला, महाराष्ट्राला मुंबईच्या पैशावर जगायचंय. यातला एकही मुद्दा झाकून ठेवला नाही. मग एकेकाला उत्तर दिलं. कलकत्त्याचा व्यापार तरी बंगाल्यांच्या हातात कुठं आहे? म्हणून कलकत्ता बंगालपासून तोडायचं का? बोला, याला काय जवाब आहे? समोरच्याचं म्हणणं पुरतं कळल्याशिवाय असं उत्तर सुचत नाही.

याच बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं. मराठी मुलखाची चार राज्यं करावीत आणि त्यात मुंबईचं राज्य वेगळं असावं, असं त्यात सुचवलं. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांना हे पटणारं नव्हतं. तरी फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात समिती उभी राहिली, तिच्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं. १९४२ च्या लढ्यावरून एकमेकांवर तुटून पडणारे कम्युनिस्ट आणि समाजवादीही होते. ज्याचं मत वेगळं तो वैरी, असं त्यांनी धरलं असतं, तर समिती चार दिवस तरी टिकली असती का?

दुसरी गोष्ट अहमदाबादची. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा गुजराती दुकानं फुटली. गुजराती म्हंजे आपला शत्रू, असं कित्येकांच्या डोक्यात बसलं होतं. आणि त्याच साली ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस हाऊसपाशी काय झालं? द्विभाषिक नको, आमचं वेगळं राज्य द्या, म्हणणाऱ्या गुजराती पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद जे मागत होती, तेच समिती मागत होती. शेवटी १ मे १९६० ला दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली. तेव्हा समोरच्याचं म्हणणं ऐकलं की कधी कधी कळतं, हा आपला शत्रूच नव्हे.

आता आपल्या घरातला प्रश्न घ्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ साली महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात त्यानं बेळगाव तिकडंच ठेवलं, आणि महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. तिथं घोषणा चालत नाहीत, मुद्दा चालतो. कर्नाटकवाले म्हणतात, बेळगावच्या भोवतालचा मुलूख बराचसा कन्नड आहे, आणि आयोगाचा निकाल शेवटचा. आपलं उत्तर काय? खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा, लोकांची इच्छा बघा. आंध्र-मद्रास सीमेला १९५७ साली पाटसकरांनी खेडं धरूनच माप लावलं. आणि हेही सांगा की, याच मापानं आपल्याकडची २६० कन्नड गावं द्यायला महाराष्ट्र तयार झाला होता. एकच गज दोघांना लावतो, तोच छातीठोक बोलू शकतो. पण समोरच्याचा मुद्दाच वाचला नाही, तर हे उत्तर द्यायचं कुणाला?

कुणी म्हणेल, ती वर्तमानपत्रं खोटं छापतात. छापत असतील. पण खोटं धरायचं कसं? दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवूनच ना? आणि आपलं वर्तमानपत्र कधी वाढवून लिहीत नाही, याची हमी कोण देतो? एक सोपी परीक्षा सांगतो. बातमी वाचताना पक्षांची नावं मनातल्या मनात बदला. लाठी आपल्या सरकारनं चालवली असती तर आपण काय म्हटलं असतं? नाव बदलल्यावर मत बदललं, तर समजा की आपण न्याय करत नाही, पक्ष धरतोय.

साच्यावरच्या माणसाला आपल्या कापडातला दोष चटकन दिसत नाही. फोल्डिंग खात्यात दुसरा माणूस तपासतो तेव्हा तो निघतो. त्या माणसाला काढून टाकलं म्हणून कापड सुधारत नाही.

समजून घेणं म्हंजे मान तुकवणं नव्हे. बेळगाववरचा हक्क मी तसूभर सोडत नाही. म्हणूनच म्हणतो, हा ठराव नामंजूर करा. माझी उपसूचना अशी : वर्तमानपत्रं चालू ठेवावीत. दर शनिवारी पाळी सुटल्यावर एकानं विरुद्ध बाजूचा अग्रलेख मोठ्यानं वाचावा. दुसऱ्यानं त्यातला मुद्दा असा सांगावा की लिहिणाराही म्हणेल, होय, हेच मला म्हणायचं होतं. त्यानंतर उत्तर द्यावं. सहा महिने हे करून बघा. आपल्या शाखेतला प्रत्येक गडी कुठल्याही सभेत उभा राहून बोलेल.

अध्यक्ष महाराज, माझी उपसूचना मताला टाका.

जय महाराष्ट्र!