पतंग ओळखा, मग पंप उचला



आंबिया बहराची संत्री भरत आली, की पावसाळ्याच्या अखेरीस फळगळ सुरू होते. गळलेल्या फळाला सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक असतं, भोवती सड. आपण म्हणतो फळमाशी आणि दिवसा फवारतो. मीही एक हंगाम असाच घालवला. गळ थांबली नाही, औषधाचे पैसे मात्र गेले.

खरा चोर रात्रीचा असतो, बरं का! अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. वरचे पंख वाळक्या पानासारखे, त्याखालचे नारिंगी, त्यावर काळे पट्टे. हा रस शोषणारा पतंग. याची सोंड फळाची साल भेदते. अळी मात्र संत्र्यावर नसते. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल यांवर वाढते. तेव्हा बागेलगतच्या या वेली काढा, गळलेली फळं रोज वेचून खोल पुरा.

आता घराघरांत मोबाइल आहे, त्याचा उपयोग करा. पतंग बसलेला असताना वरून एक फोटो घ्या आणि जमल्यास खालचे पंख दिसतील असा दुसरा. मोबाइलचा झगझगीत फ्लॅश नको, बॅटरी बाजूनं धरा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ आणि पीक वहीत टिपा.

इतर पतंगांसाठी अमावास्येच्या सुमारास अंगणात जुनं पांढरं धोतर टांगून पुढं दिवा लावा. तासाभरानं दिवा मालवा, नाहीतर पहाटे पक्षी त्यांचा फडशा पाडतात. मक्याची लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात आली. तिचा नर पतंग पंखाच्या टोकाशी असलेल्या पांढुरक्या ठिपक्यावरून ओळखू येतो. पण धोतरावर येणारे सगळेच वैरी नव्हेत. संध्याकाळी पपईच्या फुलांवर भिरभिरणारे जाड अंगाचे पतंग परागीकरण करतात. विदर्भात ऐनाच्या झाडावर वाढणारा टसरचा किडा, तोही पतंगच. त्याच्या कोषावर कितीतरी घरं चालतात.

अनोळखी पतंग दिसला, तर मारू नका. फोटो आणि वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि नाव विचारून घ्या. तोवर पंप खुंटीला राहू द्या.