अकराव्या वचनाच्या अलीकडे



आज पदवी घेऊन पाळक होणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी भिंतीवर ते कॅलेंडर असेल. वर धबधबा नाहीतर गुलाब आणि खाली यिर्मया 29:11. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, अशा अर्थाचं वचन. दहावीच्या निकालाआधी, मुलाखतीला निघताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री आपली माणसं त्याचा आधार घेतात. घेऊ द्या. त्यांना हसायला मी इथे उभा नाही. पण तुम्ही दहावं वचनही वाचलेलं आहे आणि ते कॅलेंडरवर का येत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्यात सत्तर वर्षं आहेत.

हे मुळात यिर्मया संदेष्ट्याचं पत्र. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगून मोकळा झाला होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. टाळ्या कोणाला मिळाल्या असतील ते सांगायला नको. यिर्मयाने सत्तर म्हटलं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परकी मातीच मिळणार होती. मग त्यांनी करायचं काय? घरं बांधायची, मळे लावायचे, त्यांची फळं खायची, पोरांची लग्नं लावायची. आणि ज्या शहरात बंदी म्हणून आणलं, त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करायची. कारण त्याचं बरं झालं तर आपलंही बरं होणार. अकराव्या वचनातली आशा एवढं सगळं सांगून झाल्यावर येते.

आता तुमच्या होणाऱ्या मंडळीकडे या. जालना, बीडकडून पोटासाठी पुण्यामुंबईला आलेली कुटुंबं तिथे असतील. वीस वर्षं झाली तरी ‘शेवटी गावालाच जायचंय’ म्हणणारी. नाताळात दारावर तारा लागतो, पण गल्लीत नळाला पाणी का येत नाही हे विचारायला वॉर्ड ऑफिसात कोणी जात नाही. अशा माणसांना नुसतं अकरावं वचन देणं म्हणजे हनन्याचं काम करणं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना शहराच्या कल्याणाचं सातवं वचन द्या. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या वॉर्डाचं नाव घ्या, कचरा उचलणाऱ्यांसाठी प्रार्थना करा आणि सोमवारी मंडळीतल्या दोघांना घेऊन त्या ऑफिसात जा.

पंडिता रमाबाईंचं शास्त्रवाचन याच जातीचं होतं. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणि विधवा आणल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती पिकवली, मुलींच्या हाती छापखान्याचे खिळे दिले. आणि त्याच धबडग्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवत राहिल्या. 1922मध्ये त्या गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून आलं 1924मध्ये. तुमच्यातले काही जण ग्रीकचा पेपर संपल्यावर पुस्तक पेटीत ठेवून देतील. (अध्यापकांनी हसू नये, त्यांच्यातलेही काही आहेत.)

आणखी एक वचन सांगतो, त्यावर उपदेश मी फारसे ऐकलेले नाहीत. लेवीय 19:13. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, असा त्याचा भाव. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच विषय काढतो, तेव्हा अडवलेली मजुरीच ओरडत असते. त्यावर शेतमालकांविरुद्ध, ठेकेदारांविरुद्ध, साखर कारखान्यांविरुद्ध छान बोलता येतं. उपदेशात आपण ‘आपण’ म्हणतो, पण डोळ्यांपुढे नेहमी दुसरा कोणीतरी असतो. चर्च झाडणारी, खुर्च्या मांडणारी, प्रभुभोजनाचे पेले विसळणारी बाई त्याच वेळी मागच्या दारापाशी उभी असते. तिचा पगार ‘कमिटी बसली की’ होणार असतो आणि कमिटी गेल्या महिन्यात बसलेलीच नसते.

नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर तुमचं स्वागत होईल, हार घालतील, जेवण असेल. जेवण झालं की खजिनदारांना बाजूला घेऊन विचारा, चर्च झाडणाऱ्या बाईचे पैसे किती तारखेला देता? ते ‘बघतो, पाळकसाहेब’ म्हणाले तर तिथेच बसा आणि वही मागवा. पहिल्या रविवारचा शास्त्रपाठ कोणता घ्यायचा, ते वही बघून झाल्यावर ठरवा.